वाढलेल्या बांगड्या

कोकणच्या किनाऱ्यावर एक लहानसं बंदर होतं. तिथे सदोबा नावाचा एक कासार राहत होता, आणि त्याच्या तोंडून जन्मात कधी अशुभ शब्द निघाला नव्हता.

तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठंसं? जपून तर आपण सगळेच बोलतो. खरं आहे. घरातून निघताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. देवापुढे नारळ फोडत नाही, वाढवतो. दुकानदार संध्याकाळी दुकान बंद करत नाही, तोही ते वाढवतो. आणि सवाष्णीच्या हातातली बांगडी तर कधी फुटतच नाही. ती वाढते. पण सदोबाची तऱ्हाच न्यारी. शेजाऱ्याची म्हैस मेली, तेव्हा हा भेटायला गेला आणि हळहळून म्हणाला, “म्हैस वाढली म्हणे.” शेजारी बिचारा गोठ्यात पुन्हा एकदा डोकावून आला.

बाकी माणूस लाखात एक. बांगड्या भरताना लेकीबाळींचा हात असा धरायचा की कोणाला कधी ओरखडा उठला नाही. बंदरातल्या प्रत्येक नवरीचा हिरवा चुडा त्याच्याच दुकानातून जायचा. त्या बांगड्या यायच्या समुद्रापलीकडून. तिथे हारून उस्ताद नावाचा एक काचवाला होता. तो काच ओतायचा, सदोबा विकायचा. पंधरा वर्षं दोघांचा व्यवहार चालला होता, पण दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नव्हतं. सदोबा मराठीत पत्र लिही. हारूनकडे एक म्हातारा मुन्शी होता, तो ते वाचून दाखवी आणि उत्तरही मराठीत लिहून पाठवी. ‘वहिनींना सलाम, सगुणाला दुवा’ हे प्रत्येक पत्रात असायचंच. सगुणा म्हणजे सदोबाची एकुलती एक लेक.

मग म्हातारा मुन्शी थकला आणि गावी गेला. त्याच्या जागी नवा आला. त्यालाही मराठी येत होतं, नाही असं नाही. पण ते तो कोकणातल्या खलाशांच्या पंगतीला बसून शिकला होता. ‘भात वाढ’, ‘आणखी वाढ’, ‘आता पुरे’ एवढ्यात त्याचं निम्मं मराठी संपत होतं.

त्याच वर्षी हारूनकडे बांगड्यांच्या पेट्यांत दाबून भरायचा भाताचा पेंढा पोहोचला नाही. त्या वाळूच्या मुलखात पेंढा कुठला असायला? दरवर्षी तो बाहेरून येई. त्याने खजुरीच्या सुक्या झावळ्या घालून पेट्या भरल्या आणि पाठवल्या. पत्रात त्याबद्दल अवाक्षर लिहिलं नाही. त्याला वाटलं, एवढ्यातेवढ्याचं काय सांगायचं.

माघात दहा पेट्या आल्या. सदोबाने पहिली उघडली आणि मटकन खाली बसला. झावळ्या वाटेत वाळून आकसल्या होत्या, आणि गलबताच्या हेलकाव्यांनी निम्म्या बांगड्यांचा चुरा झाला होता. दहाही पेट्यांची तीच गत.

सदोबाने टाक उचलला. काय झालं ते लिहायचं होतं. पण ज्या हाताने नवरीमुलींना चुडे भरायचे त्या हाताने ‘फुटल्या’ लिहायचं? छे. त्याने लिहिलं, “या खेपेला निम्म्या बांगड्या वाढल्या. पुढच्या खेपेला काळजी घ्यावी.” आणि मोठं समजुतीचं पत्र लिहिलं म्हणून स्वतःवरच खूश झाला.

तिकडे मुन्शीने पत्र वाचलं आणि हारूनला सांगितलं, “निम्म्या बांगड्या जास्त झाल्या म्हणतात. पुढच्या वेळी जपून पाठवा.” हारून सज्जन माणूस. त्याला वाटलं, मोजताना आपलीच चूक झाली असणार. त्याने पुढच्या खेपेला पाचच पेट्या पाठवल्या. झावळ्या घालूनच.

वैशाखात त्या पाच पेट्या आल्या. त्यातही निम्मा चुरा. सदोबाला राग आला. मागितल्या दहा, आल्या पाच, आणि त्यांची ही दशा. त्यातच सगुणाचं लग्न ठरलं होतं, मार्गशीर्षातलं. बंदरातल्या आणखी सहा मुलींची लग्नंही त्याच महिन्यात होती. सातही जणींच्या चुड्याचं वचन सदोबाने दिलं होतं. आता त्याने चांगलं खरमरीत पत्र लिहायचं ठरवलं. त्याच्या मते ते खरमरीतच होतं. “याही खेपेला बांगड्या वाढल्या. असंच चाललं तर मला दुकान वाढवावं लागेल.”

पत्र शेवटच्या गलबताने गेलं आणि पावसाळ्यासाठी समुद्र बंद झाला.

चार महिने सदोबा उत्तराची वाट पाहत राहिला. चांगल्या राहिलेल्या बांगड्या सणावारी विकल्या गेल्या. फळ्या रिकाम्या झाल्या. नारळी पौर्णिमा झाली, समुद्राला नारळ वाहिला, गलबतं निघाली आणि आश्विनात धाकू तांडेलाचं गलबत पलीकडून आलं. सदोबा धावतच धक्क्यावर गेला.

गलबतातून त्याच्या नावाची एकच लहान पेटी उतरली. तिच्यामागोमाग चार खलाशांनी मिळून काचेचं एक भलंमोठं झुंबर उतरवलं. सोबत पत्र होतं. “सदोबा भाऊ, दुकान वाढवता हे वाचून पोट भरलं. जागा कमी पडते म्हणून माल जास्त होतो हे ध्यानात आलं. दुकान मोठं होईतो एकच पेटी पाठवतो. झुंबर माझ्याकडून भेट. तुमच्या दुकानाचं शीड सदा फुगलेलं राहो.”

पेटीत धड बांगड्या निघाल्या चौदा. सात नवऱ्या, चौदा बांगड्या आणि दुकानाच्या दारातून आत न मावणारं एक झुंबर.

सदोबाचा चेहरा उतरला. “माझी थट्टा मांडलीय त्याने,” तो म्हणाला. “पंधरा वर्षांच्या ओळखीचा माणूस, आणि माझ्या दुकानाची ही दशा असताना झुंबर पाठवतो.”

धाकू तांडेल चमकला. “दशा? काय बोलता शेट? उस्तादानं तर गल्लीभर खजूर वाटला. माझ्या सदोबाचं दुकान वाढतंय म्हणून ज्याला त्याला सांगत होता. मी म्हटलं, एवढी मोठी गोष्ट, आणि आम्हाला बंदरात कशी कळली नाही?”

सदोबाची बायको आवडाबाई सूप घेऊन ओसरीवर बसली होती. तिचा हात थांबला. “अहो,” ती म्हणाली, “तुम्ही त्यांना पत्रात ‘वाढल्या’ लिहिलंत?”

“मग काय लिहू?”

“फुटल्या, असं लिहायचं.”

सदोबाने दोन्ही कानांवर हात ठेवले. आवडाबाईला आधी हसू आलं, मग त्या रिकाम्या फळ्यांकडे बघून डोळे भरले. नवऱ्याच्या या गोड बोलण्यावर ती पंचवीस वर्षं जीव लावून होती. आज त्याच बोलण्याने लेकीच्या चुड्यावर पाणी पडलं होतं.

गलबत पुन्हा पलीकडे जायला निघणार होतं. एक पत्र जाऊन एक खेप परत येईल, इतकाच वेळ हाताशी होता. पुन्हा गैरसमज झाला असता तर सात मुली रिकाम्या हातांनी बोहल्यावर उभ्या राहिल्या असत्या. आसपास काच ओतणारा दुसरा कोणी नव्हता.

सदोबा कागद पुढे घेऊन बसला. टाक दौतीत बुडवी, वर उचली, पुन्हा ठेवून देई. “दुसरा एखादा शब्द असेल,” तो म्हणाला. “बांगड्या दुखावल्या, असं लिहू?”

“तो त्यांना औषध लावून पाठवेल,” आवडाबाई म्हणाली.

“मग, बांगड्या गेल्या?”

“कुठे गेल्या म्हणून विचारेल. तोवर मार्गशीर्ष जाईल.”

“अगं, पोरीचं लग्न तोंडावर आहे. अशा वेळी हा शब्द मी माझ्या हाताने कसा लिहू?” सदोबाने कागद दूर सारला. त्याची भीती खोटी नव्हती. त्याला खरंच वाटत होतं की आपण लिहिलं आणि लेकीचं काही वाईट झालं तर काय करायचं.

सगुणा आतून आली आणि बापाजवळ बसली. “आबा,” ती म्हणाली, “शब्द लिहिल्याने बांगडी फुटत नाही. पेंढा नसला की फुटते.”

सदोबा उठला, हातपाय धुतले, देवीपुढे उभा राहून म्हणाला, “आई, समुद्रापलीकडे तुझी भाषा कळत नाही. तेवढं समजून घे.” आणि येऊन लिहायला बसला.

“हारून उस्तादांस सदोबाचा रामराम. तुमच्या बांगड्या फुटल्या. फुटल्या म्हणजे काचेचे तुकडे झाले. माघात निम्म्या फुटल्या, वैशाखात निम्म्या फुटल्या, आता चौदाच वाचल्या. झावळ्या वाळून पेटी सैल होते, म्हणून फुटल्या. मला दहा पेट्या हव्यात, एकही कमी नको. बारा-बारा बांगड्या सुतळीत ओवाव्यात आणि मधे पेंढा दाबून भरावा. पेंढा सोबत पाठवतो. माझं दुकान मोठं होत नाही, बंद पडायला आलं आहे. सगुणाचं लग्न मार्गशीर्षात आहे. आमचा मार्गशीर्ष तुम्हाला कळणार नाही, म्हणून सांगतो, हेच गलबत उलट फिरेल त्यात माल हवा. पत्रातून तुम्हाला काय समजलं ते परत लिहून कळवा.”

पत्रासोबत त्याने फडक्यात फुटक्या काचा बांधल्या. पेंढ्याच्या चार मोळ्या गलबतात चढवल्या. वर धाकूला बजावलं, “मुन्शी वाचेल तेव्हा समोर बस. वाचून झालं की उस्तादाला विचार, काय समजलं. मान डोलावली तर ऐकू नकोस. तोंडाने बोलायला लाव.”

पलीकडे मुन्शी पत्र वाचत होता आणि हारून फडकं सोडत होता. हिरव्या काचा मांडीवर सांडल्या. त्याने एकेक तुकडा उचलून पाहिला. धाकूने विचारलं, “उस्ताद, काय समजलं?”

हारून म्हणाला, “माझ्या दोस्ताचं दुकान बुडत होतं, आणि मी खजूर वाटला.” मग डोळे पुसून त्याने एकेक गोष्ट बोलून दाखवली. दहा पेट्या. सुतळी. पेंढा. हेच गलबत. एकही चुकली नाही. त्या दिवसापासून त्याची भट्टी थंड पडली नाही, आणि पेट्या त्याने स्वतःच्या हाताने भरल्या.

मार्गशीर्ष लागून चार दिवस झाले आणि गलबत धक्क्याला लागलं. दहा पेट्या उतरल्या. अख्खं बंदर सदोबाच्या दुकानासमोर जमलं. त्याने पहिल्या पेटीत हात घातला, पेंढा बाजूला केला आणि बारा बांगड्यांची माळ वर काढली. तिच्यात एकही तडा नव्हता. दुसरी काढली. तीही धड. आवडाबाईने पदराने डोळे टिपले.

वर हारूनचं पत्र होतं. “तुम्ही दोनदा लिहिलं आणि दोनदा मला कोडं पडलं. माल जास्त झाला म्हणणारा माणूस दुकान मोठं का करतो, हे विचारावंसं वाटलं होतं. पण जुन्या दोस्ताला असं विचारायचं कसं, म्हणून गप्प बसलो. झावळ्या घातल्याचंही सांगितलं नाही. चूक माझीही आहे. यापुढे माझं काही फुटलं तर फुटलं म्हणा. फुटलेलं कळलं, तरच नीट करता येतं. सगुणाला दुवा.”

लग्नाच्या आदल्या दिवशी सदोबा लेकीला चुडा भरायला बसला. दुकानात न मावलेलं झुंबर मांडवात टांगलं होतं. बायका दाटीने बसल्या होत्या. सगुणाचा हात हातात घेतला आणि इतक्या वर्षांत कधी न थरथरलेला सदोबाचा हात थरथरला. शेवटची बांगडी कट्कन दुभंगली.

मांडवातल्या बायका पुढे झुकल्या. सगळ्यांनी सदोबाकडे पाहिलं. पत्रात तो शब्द लिहिला होता, हे आता साऱ्यांना ठाऊक होतं.

सदोबाने ते दोन तुकडे उचलले, कपाळाला लावले आणि लेकीकडे बघून हसला. “वाढली,” तो म्हणाला. आणि दुसरी बांगडी भरली.

वरात गेली, घर रिकामं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी सदोबा हारूनला पत्र लिहायला बसला. सुरुवातीलाच त्याने लिहिलं, “दहा पेट्या पोहोचल्या. सातही चुडे भरले. एक बांगडी फुटली. माल चोख होता. बापाचा हात थरथरला.”

तात्पर्य: घरातली गोड भाषा घरात जपावी, पण दूरदेशीच्या माणसाशी व्यवहार करताना त्याला कळेल असंच स्पष्ट लिहावं, आणि त्याला काय कळलं तेही विचारून घ्यावं. जे कळलं नाही ते विचारायला लाजू नये, मग दोस्ती कितीही जुनी असो.