शाकलायनांचा मेघशाप

त्रेतायुगाच्या आरंभी, जेव्हा पृथ्वीवर अरण्ये दाट आणि नगरे विरळ होती, तेव्हा सुवेणा नदीच्या तीरावर करंजपूर नावाचे एक लहानसे नगर होते. नगरालगतच्या टेकडीवर, जांभूळवृक्षांच्या गर्द छायेत, शाकलायन ऋषींचा आश्रम होता. ऋषींनी दीर्घ तप करून पर्जन्यदेवाला प्रसन्न केले होते आणि स्वतःसाठी काही न मागता एवढेच मागितले होते, "देवा, कोणत्याही नगरावर येणाऱ्या मेघाने सूर्योदयी जे रूप धारण केले असेल, ते दिवसभर मोडू नये." देव "तथास्तु" म्हणाला.

तेव्हापासून शाकलायन रोज प्रातःकाळी शिलेवर उभे राहून नगरजनांना दिवसाचे भाकीत सांगत. पिंजलेल्या कापसासारखा शुभ्र मेघ तो आवर्त. दिसायला देखणा, पण पोटात थेंब नसलेला. करड्या थरांनी आकाश झाकून बसणारा तो पुष्कर. त्याने जेमतेम अंगण भिजे. सावळा, खाली झुकलेला द्रोण धान्य पिकवी. आणि तळाशी काजळासारखा काळा, माथ्याशी ऐरणीसारखा पसरट असा संवर्त उभा राहिला, की नद्या मर्यादा सोडीत.

एके वर्षी नगराधिपती बृहद्वर्म्याने नदीच्या वाळवंटात महायज्ञ मांडला. रेशमी मंडप उभे राहिले, तुपाचे रांजण ओळीने लागले, देशोदेशीचे राजे वाटेला लागले. यज्ञाच्या दिवशी सकाळी शाकलायनांनी पश्चिमेकडे पाहिले आणि ते घाईने खाली उतरले.

"बृहद्वर्मन्, मंडप हलव. संवर्त उभा आहे. सूर्य मावळण्यापूर्वी हे वाळवंट नदीच्या पोटात जाईल."

"मुनिवर, राजे येऊन पोहोचत आहेत," बृहद्वर्मा हसून म्हणाला. "आज द्रोण दिसला तर बरे होईल."

"मेघ माझ्या इच्छेने रूप घेत नाही, तुझ्याही नाही!"

तेवढ्यात राजज्योतिषी सुस्वन, दाढीला चंदनाचे तेल चोपडलेला, पुढे झाला. "महाराज, हा द्रोणच! आपल्या तेजापुढे थोडा काळवंडला आहे, इतकेच."

जमाव जयजयकार करू लागला. जेवताना घासात केस यावा तशी शाकलायनांना शिसारी आली. ते टेकडीकडे परतले. त्यांच्यामागून फक्त तीरावरचे कुंभार निघाले. त्यांची मुखिया अर्जुनी हिने चाके, मडकी आणि लेकरे टेकडीवर चढवली.

तिसऱ्या प्रहरी संवर्त फुटला. सुवेणा दोन्ही काठ गिळत आली आणि आचारी, गाडीवान, समिधा वाहणाऱ्या बाया, सगळे घेऊन गेली. राजे हत्तींवरून निसटले. सुस्वन तर दुपारीच प्रासादाच्या गच्चीवर जाऊन बसला होता.

दुसऱ्या दिवशी ऋषी तीरावर उतरले. चिखलात तूप थिजले होते, त्यावर माश्यांचे थर बसले होते, आणि फुगलेल्या गुरांच्या दुर्गंधीत कालच्या पक्वान्नांचा आंबूस वास मिसळला होता. त्या चिखलातून रेशमी वस्त्र उचलून धरत बृहद्वर्मा आला. मागे नगरजन होते.

"मुनिवर," तो हळू आवाजात म्हणाला, "हे का घडले, असे लोक विचारतात. कुंभारांनी तीराची माती उकरली म्हणून नदी कोपली, असे आपण सांगा. पाहा ना, सगळे बुडाले आणि तेच तेवढे वाचले! आपला शब्द खरा ठरतो हे काल सर्वांनी पाहिले. आज आपल्यावर कोणी संशय घेणार नाही."

शाकलायनांनी लोकांकडे वळून विचारले, "काल मी काय म्हणालो, ते तुम्ही ऐकले नव्हते?"

"ऐकले होते, महाराज," एक वृद्ध श्रेष्ठी म्हणाला. "पण सुस्वनांचे ऐकून बरे वाटले. आता कुंभारांचे तेवढे सांगून टाका, म्हणजे मनाला शांती मिळेल."

माना डोलल्या. एकाही चेहऱ्यावर लाज नव्हती.  ऋषींना त्या चेहऱ्यांची, त्या नगराची, इतकी वर्षे यांच्यासाठी झिजवलेल्या आपल्या वाणीचीही किळस वाटली. नदीचे गढूळ पाणी ओंजळीत घेऊन ते गरजले, "सत्य डोळ्यांसमोर असताना ज्यांना गोड खोटे हवे, आणि ज्यांना सत्याच्या नावावर खोटे विकायचे आहे, त्यांच्यावरून मेघाची रूपे निघून जावोत! आवर्त पाहता पाहता संवर्त होवो, द्रोण विरून जावो! आकाश कोणालाही पुरते वाचता न येवो!"

पाणी भूमीवर पडले. बृहद्वर्मा आल्या पावली फिरला आणि लोक पांगले. ऋषींबरोबर टेकडीवरून उतरलेली अर्जुनी तेवढी मागे उरली.

"महाराज, आम्ही ऐकले होते," ती म्हणाली. "आमची लेकरे तुमच्या शब्दाने जगली. आता आम्ही कोणाला विचारायचे?"

 क्रोधाच्या भरात हिची आठवणही शाकलायनांना राहिली नव्हती. पण सुटलेला शाप परत येत नाही. त्यांनी वर पाहिले. शुभ्र पुंजका करडा झाला, करड्याचा काळा झाला, आणि काळ्याला मधेच भगदाड पडून ऊन आले. जन्मात प्रथमच त्यांना मेघाचे नाव सांगता येईना.

"सांगा ना," अर्जुनी म्हणाली. "कच्ची मडकी उन्हात मांडली आहेत. पाऊस येईल?"

ऋषी बराच वेळ वर पाहत राहिले. मग कडू पाला चावल्यासारखे तोंड करून म्हणाले, "बहुधा. आत घ्या."

तिने मडकी आत घेतली. त्या दिवशी पाऊस आला नाही. दुसऱ्या सकाळी ती पुन्हा विचारायला आली, आणि ऋषी पुन्हा शिलेवर चढले. त्या शापापासून कोणत्याही नगरावरचा मेघ आपले रूप धरून राहत नाही, आणि आकाशाविषयी बोलणाऱ्या शहाण्यातल्या शहाण्यालाही शाकलायनांचा तो एक शब्द उच्चारल्यावाचून सुटका नाही.