वाटा मागणारी टिटवी

एका राज्यात एक तळे होते, इतके मोठे की सूर्य एका काठाला उगवे आणि दुसऱ्या काठाला बुडे. तिथे बाळाचे नाव आत्या ठेवत नसे. आई बाळाला काठावर नेई. पाण्यातून जो पक्षी पहिली साद घाली, त्याचे नाव बाळाला मिळे आणि मगच बाळ डोळे उघडी. अहाहा, काय ती नावे! शेकाट्या, धनवर, तुतवारी, हळदीकुंकू! एका आळीत एक नाव दोनदा ऐकू येत नसे.

पुढे राजा धनवर आणि त्याचे दोन भाऊ तळ्यावरून हातघाईवर आले. वाटणीसाठी बोलावलेल्या मायावी कुलुपनाथाने मंत्र टाकून तळ्यात बांध घातले. राजाला चिखल आला, मधल्याला लव्हाळे, धाकट्याला खोल पाणी. जाताना कुलुपनाथ म्हणाला, "वाटे टिकतील, नावे टिकणार नाहीत." बांध दिसायला कमरेएवढे, पण पाखरांना ते आभाळापर्यंत उंच.

पाखरे उठून गेली. उरले बगळे. मग घरोघर बगळ्याच! एका आईने जेवायला हाक मारली की अर्धी आळी पाटावर येऊन बसे. हसू नका, पुढे बगळेही गेले.

अशात चक्रवाकी राणीला मुलगी झाली. तळे गप्प. अमावास्येपर्यंत नाव न मिळालेले बाळ दगड होई.

राणी माळावरच्या टिटवीला शरण गेली. "टिटवीबाई, उपाय सांगा."

"पक्ष्यांना वाटा द्या."

राजाने चिखलाचा एक कोपरा दिला. तुतवार आले, निवारा नाही म्हणून गेले. मधल्याने लव्हाळ्याचा दिला. पाणकोंबड्या आल्या, चारा नाही म्हणून गेल्या. धाकट्याने पाण्याचा दिला. बदके आली, घरटे बांधायला जागा नाही म्हणून गेली. साद कोणीच घातली नाही.

राणी रडत माळावर आली. "तीनदा वाटा दिला, टिटवीबाई!"

"मी वाटा मागितला नव्हता, राणी. वाटा मागितल्या होत्या. चिखलात चरायचे, लव्हाळ्यात निजायचे, पाण्यात पिले पोहवायची. त्या जायच्या-यायच्या वाटा!"

राजाने कुदळी चालवल्या. बांधाला ओरखडा उठेना. बाळाचे तळवे तोवर दगडासारखे गार पडले होते. राजाने ते हातात धरले आणि बांधावर उभा राहून म्हणाला, "माझा वाटा मला नको." मधला मान खाली घालून तेच म्हणाला. धाकट्याने फार वेळ घेतला, पण म्हणाला. बांध गुळासारखे विरघळले आणि पाण्याला पाणी मिळाले.

पाखरे परतली. सगळी नाहीत, कितीक नावे गेली ती गेलीच, आठवले की अजून जीव तुटतो.

अमावास्येच्या सकाळी राणी बाळाला घेऊन काठावर बसली. लव्हाळ्यातून इवलीशी टिबुकली बाहेर आली, बुडी मारून वर निघाली आणि खुळखुळ्यासारखी बोलली.

"टिबुकली," राणीने बाळाच्या कानात सांगितले. लेकीने डोळे उघडले. आधी पाण्याकडे पाहिले, मग आईकडे.