ताजव्यात चढलेला पाटकरी

पौषातली सकाळ होती. दिवस कासराभर वर आला होता, आणि नदीकाठच्या शेतात, चिंचेखाली, अख्खं गाव एका माणसाचा न्याय करायला जमलं होतं.

ही गोष्ट फार वर्षांपूर्वीची. माणूस होता उखा पाटकरी. बंधाऱ्याचं पाणी पाटानं ज्याच्या त्याच्या शेतात सोडायचं, हे त्याचं काम. त्या साली खालच्या अंगाचा गहू करपला. वरच्या अंगाचे शेतकरी म्हणाले, "आमच्या गव्हानं प्यायलं सगळं." खालचे म्हणाले, "उखानं कुठंतरी वळवलं." पंचांनी उखाला बजावलं, की पुढच्या पाळीच्या पाण्याचा हिशेब दे, नाहीतर गाव सोड.

उखानं वरच्या शेतातला मातीचा गड्डा उभ्या गव्हासकट काढून रांजणात बसवला, बुडाला भोक पाडून खाली परात ठेवली आणि रांजण तिथंच पुरला. पाळीचं पाणी त्यालाही दिलं. मग रोज तो रांजण वर काढायचा आणि कापूस जोखायच्या मोठ्या ताजव्यात धोंड्यांनी जोखायचा. वजन घटलं, तेवढं गव्हानं आणि उन्हानं नेलं. परातीत पडलं, ते खाली झिरपलं. असं म्हणतात, की बैलजोडीला न हलणारा तो रांजण उखा लेकरासारखा कडेवर घेऊन यायचा.

पण हिशेब जुळेना. पाटानं वर सोडलेल्या पाण्यातलं निम्मंच गव्हानं घेतलं होतं. परात कोरडी. बांधाबाहेर ओल नाही. मातीत काठी खुपसली, तीही कोरडीच निघाली. पाट कुठं फुटला नव्हता. मग उरलेलं निम्मं गेलं कुठं? उखानं पुन्हा जोखलं. पुन्हा तेच.

"गव्हानं सगळं प्यायलं, असं सांगून मोकळे व्हा," बायको यसोदी म्हणाली. "गहू थोडाच साक्षीला येतोय?"

"गहू येत नाही, पण ताजवा येतो ना!"

आणि चिंचेखाली त्यानं होतं ते सगळं सांगितलं.

पाटील हसले. "वा रे उखा! गव्हानं नेलं नाही, मातीनं ठेवलं नाही. मग उरलं कोण? तूच की!"

उखा गोंधळला. "मलाही तेच कळत नाही, पाटील. पण मी घेतलं असेल तर माझ्यात भरेल. जोखा मला."

चिंचेला टांगलेल्या त्याच ताजव्याच्या एका पारड्यात तो चढला. दुसऱ्यात नुसती रिकामी टोपली होती. असं म्हणतात, की टोपलीचं पारडं खाली बसलं आणि उखाचं वर गेलं, पार चिंचेच्या फांदीला लागलं. कोणी हात जोडले, कोणी दोर तपासला, कोणी टोपली उलटी करून पाहिली. उखा वरून सगळ्यांकडं बघत होता.

"आता उतरू का?" त्यानं विचारलं.

तो आपला आपणच उतरला, पाणी शोधत पाटानं वर निघाला, आणि परत आला नाही. असं म्हणतात, की पाटाला कान लावला तर अजून कोणीतरी काठीनं माती चाचपताना ऐकू येतं.

दर पौषात, पाणी सोडण्याआधी, त्या गावात गव्हाचा रांजण जोखतात. मग एका पारड्यात रिकामी टोपली ठेवतात, आणि दुसरं पारडं उखासाठी मोकळं सोडतात. नवा पाटकरी आला, त्याच्यानंतर त्याचा मुलगा आला. खालच्या अंगाला पाणी अजूनही निम्मंच पोचतं.

त्या ताजव्यात उखानंतर गावातलं कोणीही चढलेलं नाही. वरच्या अंगाचं तर कोणीच नाही.