न दुमडलेलं कोपर

त्या राज्यात जन्माला येणारा प्रत्येक जण आधी नुसती माळ असे. राजवाड्यातून मण्यांचा क्रम पुकारला जाई, ओवणारे तसे मणी ओवत आणि माळ दाईच्या पदरात टाकत. पुढचं माळेचं माळ बघे. राज्यात सगळीकडं पाणीच, म्हणून पाण्याला भिणारे मणी आत दडत, पाण्याचे सोबती बाहेर राहत. अशी वळत वळत कुणी पहारेकरी होई, कुणी हमाल. दाईनं फक्त पदर धरायचा, बोट लावायचं नाही, बरं का! आणि जी माळ नीट वळली नाही, ती उसव्याच्या हवाली करायची. तो मणी सुटे करी, ते पुन्हा दुसऱ्या माळेत जात.

आवडाई ही त्यातलीच एक दाई, कामाला वाघ. पण एकदा पुकारातच एक मणी बदलला. सोबत्याच्या जागी भित्रा आला, ओवणाऱ्यांनी तो मुकाट ओवला. माळ पदरात वळली, हमाल झाली, फक्त कोपर काही दुमडेना. भित्रा मणी उघड्यावर थरथरत राहिला.

"दे इकडं," उसव्या म्हणाला.

"अरे, एवढंसं कोपर! दुमडेल की उद्या."

"बाई, त्याचा हट्ट नाही तो. त्याला ओवलंच तसं."

आवडाईला हे कळत का नव्हतं? पण आईची माया न् पोर जाई वाया! तिनं पोराला मागच्या दारानं काढून दिलं. "जा बाबा, कुणाच्या अध्यात ना मध्यात पडू नकोस."

पण भित्र्याला आसरा लागतोच. पोरानं वाटेत भेटलेल्या पहिल्याच हमालाच्या काखेत तो मणी खुपसला. धट्टाकट्टा गडी, पण त्याचंही वळण सुटलं, कोपर उघडं पडलं. मग त्यानं शेजारच्याला धरलं. बघता बघता गल्ली तुंबली. पलीकडच्या वस्तीत ओझी पोचेनात, चुली विझल्या.

 लोक राजवाड्याला बोल लावत, तेव्हा आवडाईला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं होई. शेवटी ती उसव्यासमोर उभी राहिली.

"माझंच पाप आहे रे. मीच सोडला त्याला."

उसव्या रागावला नाही, तेच तिला जास्त लागलं. "तू सोडलेला तो पहिला कुठला ते दाखव," तो म्हणाला. "तेवढाच उसवीन, बाकीचे सुटतील. नाही दाखवलास, तर सगळेच उसवावे लागतील."

"न ओळखायला काय झालं? माझं लेकरू आहे ते."

ती गल्लीच्या तोंडाशी गेली. घट्ट अडकलेल्या त्या गर्दीकडे बघून तिनं हलकेच हाक मारली, "बाळा..."

गल्लीभर सगळ्यांनी एकदम तिच्याकडे तसेच न दुमडणारे हात पसरले.