शेवटच्या रांगेची हजेरी

कुरणवाडीत भुजंगराव नावाचे एक गृहस्थ राहत. त्यांना सगळं दणक्यात लागे. त्यांच्या घरच्या बारशालाही दोन गावं जागी व्हायची. त्यामुळे गावच्या शाळेला पन्नास वर्षं झाली, तेव्हा सोहळ्याचे अध्यक्ष तेच होणार हे ठरलेलंच होतं.

त्या सोहळ्याचा जीव एकाच गोष्टीत होता. शाळेच्या पहिल्या शिक्षिका गोदावरीबाई, वय ब्याऐंशी, आपल्या पहिल्या वर्गाची हजेरी पुन्हा एकदा घेणार होत्या. आजारपणाने बाईंचा आवाज अगदी बारीक झाला होता. पुढच्या वर्षी त्या येऊ शकतील, असं कुणीच म्हणत नव्हतं.

ध्वनी आणि मंचाच्या कामासाठी भुजंगरावांनी तालुक्याहून शैला गुरवला बोलावलं. वीस वर्षं ती हेच काम करत होती. आल्या आल्या ती मैदानाच्या पार टोकाला, कुंपणापाशी जाऊन मातीत बसली.

"काका, बाईंचा आवाज इथवर आला पाहिजे," ती म्हणाली. "पुढच्यांना कसंही ऐकू येईल."

हमरस्त्यावरून दिसावा म्हणून गावकऱ्यांनी पुरुषभर उंच मंच बांधला होता. शैलाने तो उतरवून गुडघ्याएवढा केला आणि पायऱ्यांच्या जागी उतार घातला, बाईंना चढता यावं म्हणून. भले मोठे स्पीकर आणायचे सोडून तिने लहान लहान स्पीकर मैदानभर थोड्या थोड्या अंतरावर लावले. शेजारची पिठाची गिरणी तासभर बंद ठेवायला सांगितली. गावाची तोंडं पडली. भुजंगराव वरून हसत होते, पण आतून त्यांचाही धीर सुटत चालला होता.

सोहळ्याला तासभर उरला असताना त्यांचे मेहुणे दिनकरराव टेम्पो घेऊन हजर झाले. टेम्पोत कपाटाएवढे आठ स्पीकर. लोकांनी शिट्ट्या मारल्या.

"दाजी, हे लावा! छाती हादरली पाहिजे!" दिनकरराव म्हणाले.

शैलाने हातातली वायर खाली ठेवली. "काका, ते लावायचे असतील तर मी माझं सामान भरते. पुढे नुसता दणका होईल आणि बाईंचा बारीक आवाज मागे पोचेपर्यंत त्यात विरून जाईल. माझ्या हातून तेवढं होणार नाही."

सगळं गाव भुजंगरावांकडे बघू लागलं. एकीकडे मेहुणा, शिट्ट्या आणि जन्मभराची हौस. दुसरीकडे ही परगावची बाई. त्यांनी एकवार कुंपणाकडे पाहिलं.

"दिनकरराव, टेम्पो माघारी न्या," ते म्हणाले. "ताईंना आपण बोलावलंय. आता त्या सांगतील तसं."

"गाव हसंल, दाजी!"

"हसू द्या."

बाई उतारावरून स्वतःच्या पायांनी मंचावर गेल्या. शैलाने त्यांच्या पदराला एक छोटा माइक लावला आणि कानाला हेडफोन लावून ती आपल्या जागी बसली. बाईंनी जुनं हजेरीपुस्तक उघडलं. पान उलटल्याचा आवाजसुद्धा मैदानभर ऐकू आला.

एकेक नाव येऊ लागलं. पन्नाशी ओलांडलेली माणसं उठून "हजर, बाई" म्हणू लागली. मग बाई म्हणाल्या, "थोरात, साळू."

कुणी उठेना. साळू तीन महिने शाळेत आली होती. मग बापाने तिला शेळ्यांमागे धाडलं. तेव्हापासून गावात काहीही असलं की ती मागे कुंपणाला टेकून बसे. आपलं नाव त्या पुस्तकात अजून आहे, हे तिला ठाऊकच नव्हतं.

बाई थांबल्या. आणखी हळू म्हणाल्या, "साळू, आली आहेस ना गं?"

शेवटच्या रांगेत एक बाई लगबगीने उठली. डोक्यावरचा पदर सावरत म्हणाली, "आले हाय बाई. हजर!"

सगळं मैदान मागे वळून उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. भुजंगरावांचे डोळे भरून आले आणि मानही ताठ झाली. शैलाकडे बोट दाखवून ते भेटेल त्याला सांगत सुटले, "ताईंना मी आणलं बरं का! मी!" त्या दिवशी तो तोरा मिरवायचा हक्क त्यांनी कमावलाच होता.

तात्पर्य: जाणकाराला कामाला बोलावणं सोपं असतं; पण चारचौघांत जो त्याचा शब्द राखतो, तोच त्याच्या यशाचा खरा वाटेकरी होतो.