सातव्या शिळेखालचा श्वास

एका राज्यात सूर्य पूर्वेला उगवे आणि धूर उत्तरेला. उत्तरेला डोंगर होता. लोक त्याला थोरलीचा डोंगर म्हणत. थोरली म्हणजे राजघराण्यातली पहिली सून. ती भर दरबारात खरे ते बोलली, राजाला राग आला, आणि त्याने तिला डोंगराच्या पोटात कोंडले, अशी तिथली कथा. तेव्हापासून ती आत धुमसे आणि चिडली की आग ओके. एकदा ओकली, तेव्हा अर्धे नगर राखेखाली गेले.

मग त्या वेळच्या राजमांत्रिकाने तोडगा काढला. घरात येणाऱ्या प्रत्येक सुनेने माहेराहून एक शिळा आणायची आणि लग्नानंतरच्या पहिल्या पौर्णिमेच्या सकाळी डोंगराच्या तोंडावर ठेवायची. शिळा मंत्राने जड होई. ठेवणारीचा आवाज तिच्याखाली जाऊन बसे. सून मुकी होई, डोंगरही मुका होई. सात पिढ्या, सात शिळा. राज्यात शांतता होती. राजवाड्यात तर फारच होती.

आठवी सून सुरंगी. ती माडांच्या देशातून आली. सोबत जांभ्याची एक शिळा, ताज्या माडीची रोज एक कावड येईल अशी व्यवस्था, आणि एक धनेश पक्षीण. पक्षीण बोलत असे. सुरंगी तशी कमीच बोले. पण न बोलणे वेगळे आणि बोलता न येणे वेगळे, हे तिला सासूकडे पाहून पहिल्याच दिवशी कळले. राणी मृणालवती एकतीस वर्षे बोललेली नव्हती. ती हाताने वाढी, मानेने नको म्हणे, आणि दालनात कोणी नाही असे वाटले की ओठ हलवून पाही.

पौर्णिमेला अकरा दिवस होते. नव्या सुनेला काम काही नसते, म्हणून सुरंगी पाहत बसे. तिच्या खिडकीतून डोंगराच्या खांद्यामागे एका देवळाचा कळस दिसे. चौथ्या दिवशी तो दिसेना. विहिरीचे पाणी कोमट लागू लागले. सपाट चौरंगावर ठेवलेल्या वाटीतले दूध एका कडेला चढून बसे. भर दुपारी वारुळातले साप रांगेने दक्षिणेकडे निघून गेले, जणू त्यांना कुठले आमंत्रण होते.

"डोंगर फुगतोय," ती पक्षिणीला म्हणाली.

"फुगेल नाहीतर काय करील? आमच्यातही अंड्यावर बसायच्या वेळी ढोलीचं तोंड लिंपतात बाई. पण चोच बाहेर निघेल एवढी फट ठेवतात. तुमच्या सासरच्यांना फट ठेवणं ठाऊकच नाही."

सुरंगीने नवऱ्याला सांगितले. राजपुत्र जयसेन चांगला माणूस होता. त्याने वाटीतले दूध पाहिले, वाटी फिरवून पुन्हा पाहिले, आणि तिला दरबारात घेऊन गेला.

"मामंजी," सुरंगी म्हणाली, "आठवी शिळा ठेवू नये. सातवीसुद्धा काढावी."

सात पिढ्यांत त्या दरबारात सून बोलली नव्हती. टेकून उभा असलेला भालदारसुद्धा सरळ झाला.

राजा वज्रबाहू म्हणाला, "सूनबाई, आवाज जाईल याची भीती वाटते का?"

"वाटते. पण ती शिळा ठेवली तर माझ्या आवाजाबरोबर नगरही जाईल."

राजमांत्रिक कीलक पुढे आला. त्याची दाढी गुडघ्यापर्यंत आणि आवाज दाढीहून लांब. "थोरली चिडली आहे, युवराज्ञी. चिडलेलीला मोकळं सोडायचं?"

"चिडलेली नाही. तिचा जीव घुसमटतोय."

"सिद्ध करा. पाण्यावर तरंगणारा दगड आणा. ज्योतीत न जळणारा केस आणा. आणि डोंगराचा श्वास या दरबारात हजर करा. पौर्णिमेच्या आत. जमलं नाही, तर शिळा उचला."

तीन अटी ऐकल्या की राजांना न्याय झाल्यासारखा वाटतो. वज्रबाहूने मान डोलावली.

पक्षीण उडाली, सुरंगी तिच्यामागे चालली. डोंगराच्या उत्तर अंगाला ओसाड काळा उतार होता आणि खाली सरोवर. काठावर धोंडे पडले होते, जुन्या ओकारीतले. सुरंगी एकेक धोंडा पाण्यात टाकत गेली. धोंडे बुडत गेले. दुपार कलली तेव्हा एक करडा दगड पडला आणि बदकासारखा डुलत राहिला. तिने तो उचलला. हाताला हलका. अंगभर बारीक भोके, पावासारखी.

"याच्यात काहीतरी होतं," ती म्हणाली, "आणि ते निघून गेलं."

दुसऱ्या दिवशी ती कड्याच्या कपारी धुंडाळत गेली. वारा जिथे कोपऱ्यात घुटमळतो, तिथे सोनेरी केसांचा गुंता अडकला होता. तिने एक केस ओढला. त्याने बोट कापले. जयसेनने दिव्याच्या ज्योतीत तो धरला. केस जळला नाही, वासही आला नाही. सुरंगी बोटाचे रक्त चोखत विचार करत बसली. लाडवाचा पाक दोन बोटांत ताणला की अशीच तार निघते. म्हणजे हा केसही दगडाचाच. तो दगड कधीतरी पाक होता, आणि वाऱ्याने त्याची तार ओढली.

श्वास मात्र मिळेना. शिळांच्या कडेने भेगांतून गरम वाफ येत होती. तिने मडके उपडे धरले, तोंड बांधले, खाली येईपर्यंत आत पाण्याचे चार थेंब उरले. तीनदा गेली, तीनदा थेंबच घेऊन आली. पौर्णिमेच्या आदल्या दिवसापर्यंत हेच चालले. शेवटच्या फेरीहून परतताना वाटेत माडीची कावड भेटली. नव्या कावडीवाल्याने मडक्यांना नेहमीसारखी झावळीची सैल टोपी घालायची सोडून सांडू नये म्हणून माती लिंपली होती. सुरंगी ओरडणार होती. मग ओरडली नाही. त्यातले एक मडके तिने तसेच उन्हात ठेवायला सांगितले.

त्याच संध्याकाळी दरबारात दगड परातीतल्या पाण्यावर तरंगला. केस समईवर धरला, जळला नाही. मग सुरंगीने दोन मडकी आणवली, एक झावळीच्या टोपीचे, एक लिंपलेले.

"आणि श्वास?" कीलक म्हणाला.

"श्वास मला आणता आला नाही, आचार्य. कोंडला की तो श्वास राहत नाही."

"ऐकलंत महाराज? अट मोडली." आणि कीलकाने बोलायला सुरुवात केली. त्याने थोरलीच्या रागाचे प्रकार सांगितले. शिळांची वजने सांगितली. सुरंगी मधे मधे लिंपलेल्या मडक्याकडे पाही आणि एकेक पाऊल मागे सरके.

कीलक सहाव्या शिळेपर्यंत आला आणि मडके फुटले. खापऱ्या खांबांवर आदळल्या. फेस मांत्रिकाच्या दाढीवरून ओघळू लागला. दुसरे मडके टोपीखाली शांतपणे फसफसत होते.

"मामंजी," सुरंगी म्हणाली, "डोंगराच्या मुळाशी खोलवर इतकी उष्णता आहे की दगडाचा पाक होतो. त्या पाकात वाफ मुरलेली असते, माडीत फेस मुरतो तशी. पाक भोवतालच्या दगडाहून हलका, म्हणून वर चढतो. वर येता येता त्याच्यावरचा भार कमी होतो आणि फेस सुटू लागतो. वाट असली तर तो निघून जातो. वाट लिंपली तर काय होतं, ते आचार्यांच्या दाढीवर आहे."

कोणी हसले नाही. कीलकाने दाढी पिळली. तो हळू आवाजात म्हणाला, "आमचा सात पिढ्यांमागचा पूर्वज त्या राखेत गेला, युवराज्ञी. आमच्या घरात लहान मुलांनाही चुलीकडे पाठ करून बसू देत नाहीत. मला लिंपण्यापलीकडे काही सुचलं नाही."

"भीती खोटी नव्हती, आचार्य," सुरंगी म्हणाली. "इलाज चुकला."

राजाने विचारले, "शिळा कोण काढणार?"

कीलक म्हणाला, "ज्या हातांनी ठेवली त्याच हातांनी. सातवी शिळा राणीसाहेबांची."

सगळ्यांनी मृणालवतीकडे पाहिले. ती आधीच उठून उभी राहिली होती.

पौर्णिमेची सकाळ झाली. जयसेनने रातोरात उत्तरेच्या वाड्या रिकाम्या केल्या, माणसे, गुरे, पाळणे आणि एक हट्टी म्हातारी, जी आपल्या जात्यासकट निघाली. सासू आणि सून डोंगर चढल्या. वर शिळा तापलेल्या होत्या. मृणालवतीने पदर हाताला गुंडाळला आणि आपल्या माहेरच्या दगडाला हात घातला. एकतीस वर्षांत तो रुतून बसला होता. सुरंगीने तिच्या कमरेला मिठी मारली आणि दोघी मागे रेटल्या. पदर करपला. हात भाजले. शिळा हलली, एका कडेने उचलली गेली, आणि घरंगळत निघून गेली.

फटीतून आधी शिट्टी आली. मग हुंकार.

"पळा आता," वरून पक्षीण म्हणाली. "बाकीचं तिचं ती बघेल."

त्या दक्षिण उतारावरून पळाल्या. मागे उरलेल्या सहा शिळा आतल्या श्वासाने बाजूला सरकल्या, कोणी घरातून दार ढकलावे तशा. पांढरी वाफ आभाळभर झाली. मग लाल पाक बाहेर आला आणि ओसाड उतारावरून संथ वाहत सरोवराकडे गेला. वाटेतल्या दोन वाड्या आणि राजाची आंबराई जळली. माणूस एकही गेले नाही. शिळांखालून मोकळे झालेले आवाज मात्र वाऱ्यावर येत होते. त्यातला एक थोरलीचा असावा. तो रागावलेला वाटत नव्हता, बराच वेळ वाट पाहून थकलेला वाटत होता.

त्या राज्यात पुढे डोंगराचे तोंड कोणी बांधले नाही. त्यावर पहारा बसला. रोज सकाळी कीलक विहिरीत बोट बुडवून बघे, वाटीतले दूध बघे, कळस किती दिसतो ते मोजे, आणि दरबारात सांगे. कमी शब्दांत सांगे, हे विशेष.

पण हे नंतरचे. त्या दिवशी डोंगराच्या पायथ्याशी राजा धावत आला. मृणालवतीच्या हातांना लोणी लावणे चालले होते. तिचा घसा हलत होता. राजा तिच्यासमोर मातीत बसला आणि म्हणाला, "बोला. काय बोलायचं असेल ते बोला. मी ऐकतो."

एकतीस वर्षांचे साठलेले ऐकायला तो खांदे पाडून बसला.

आवाज आधी खरखरला. मग नीट आला.

"मृणालवती हे नाव तुम्ही लग्नात ठेवलंत," राणी म्हणाली. "माझं नाव झिपरी आहे. घरी मला झिपरी म्हणतात."

 राजाने ते नाव उच्चारले. पहिल्यांदा जरा अडखळला.

"हो," ती म्हणाली.

ज्यांनी ही कथा ऐकली, त्यांच्या घरी दाराला एक फट असो, आणि फटीपाशी ऐकणारे कोणी असो.