शंभर सुयांची पत

गुणाशेटच्या पेढीवर कासाराच्या येसूची पत होती दहा रुपयांची, आणि तिला माल हवा होता शंभराचा. जत्रा नऊ दिवसांवर आलेली. देवीच्या दारासमोरची बांगड्यांची जागा तिच्या आबांकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली, पण आबा पाय मोडून खाटेवर पडलेले. जत्रेचे तीन दिवस दुकान भरलेलं दिसलं नाही तर जागा दुसऱ्याला देऊ, असं पंचांनी बजावलं होतं. दहा रुपयांच्या बांगड्या पहिल्या सकाळीच संपल्या असत्या.

गुणाशेट बांगड्या, फण्या, करंडे, सुया असला माल फिरत्या विक्रेत्यांना उधार द्यायचा. कोणाला कितीची उधारी द्यायची, ते वहीत लिहिलेलं असे. तीन वर्षांपूर्वी आबांचं गाढव ओढ्यात घसरलं, निम्म्या बांगड्यांचा चुरा झाला आणि पैसे द्यायला महिनाभर उशीर झाला. उभ्या जन्मात एकदाच. शेटने त्यांची पत चाळिसावरून दहावर आणली, ती तिथेच ठेवली.

येसूने शंभराचा माल मागितला तेव्हा शेट लोडाला टेकून हसला.

“पोरी, आमच्या आजोबांचा नेम आहे. पत गेलेल्याने शंभर वेळा उधारी मुदतीत फेडायची. मग पत दसपट! आजपासून मोजायला लाग.”

विक्रेते यायचे आठवडी बाजाराला. म्हणजे शंभर बाजार, म्हणजे दोन वर्षं. पेढीवर बसलेले चार जण फिदीफिदी हसले. येसूसुद्धा हसली. शेटने तेव्हाच सावध व्हायला हवं होतं, पण गादीवर बसलेल्या माणसाला समोरचा कशाला हसतोय, हे विचारायची सवय नसते.

“शेट, उधारी कितीची असावी, ह्याचा काय नेम हाय का?”

“दमडीची असो नाहीतर रुपयाची. उधारी ती उधारी.”

“आन् मुदतीच्या आधीच फेडली तर?”

“मग तर सोन्याहून पिवळं!” शेट चारचौघांदेखत बोलून बसला.

आता ह्या पेढीची एक रीत होती. फार पूर्वी एका मुनिमाने शेटच्या आजोबांना बुडवलं होतं. तेव्हापासून वहीतल्या प्रत्येक नोंदीवर मालकाने स्वतःच्या हाताने अंगठीची मोहोर उठवायची. उधारीला एक, जमेला एक. शेटचा मुनिमावर काडीचाही विश्वास नव्हता, त्यामुळे ही रीत त्याला फार प्रिय होती.

सकाळ होऊन पेढी उघडताच येसू हजर. तिने दमडीची एक सुई उधार मागितली. अंताजी मुनिमाने वही उघडली, नोंद केली, शाईवर वाळू टाकली, शेटने मोहोर उठवली. येसू पायऱ्या उतरली, समोरच्या लिंबाला वळसा घालून परत आली आणि दमडी गादीवर ठेवली. पुन्हा नोंद, पुन्हा वाळू, पुन्हा मोहोर.

“आता आनखी एक सुई द्या,” येसू म्हणाली. “उधार.”

पाचव्या सुईपर्यंत शेटला गंमत वाटली. दहाव्या सुईला त्याने अंताजीकडे पाहिलं, अंताजीने छताकडे. दुपारी घरून जेवणाचं बोलावणं दोनदा आलं आणि दोनदा परत गेलं. खोळंबलेल्या गिऱ्हाइकांची रांग रस्त्यापर्यंत लागली. दिवसभरात पस्तीस सुया झाल्या.

दुसऱ्या दिवशी शेटने पेढी मुद्दाम उशिरा उघडली. येसू पायरीवरच बसली होती आणि तिच्याभोवती निम्मा गाव मजा बघायला जमला होता. शेटने तिला बाजूला घेऊन सांगितलं, की बाई, उरलेल्या सगळ्या एकदम लिहून टाकतो, पण हे थांबव.

“नको शेट. एकदम लिवलं तर उद्या म्हनाल, एकदाच फेडली.”

अंताजीला एकाएकी खोकल्याची उबळ आली.

तिसऱ्या दिवशी दिवस मावळायच्या सुमाराला शंभरावी दमडी जमा झाली. शेटचं बोट सुजून अंगठी रुतून बसली होती. येसूने शंभराचा माल मागितला, आणि शेट अडून बसला.

“ह्याला पत म्हणतात होय? दमडीची सुई फेडणारी शंभर रुपये फेडेल, हे मी कशावरून मानू?”

येसूने मनात हिशेब केला. हा फिरला तर जागा गेली आणि पदरात उरल्या नुसत्या सुया! पण तिने आवाज चढू दिला नाही.

“शेट, आबांनी एकदा उशीर केला, तो तुमाला तीन वर्सं पुरला. मी शंभरदा वेळेवर दिलं, ते तुमाला तीन दिवसांच्या जत्रेला बी पुरंना?”

शेटने वही पाहिली, सुजलेलं बोट पाहिलं, येसूकडे पाहिलं. आणि मग तो असा हसत सुटला, की त्याचं पागोटं तिरकं झालं.

“अंताजी, हिची पत शंभर लिहा! आणि माझ्याकडून हिरव्या चुड्यांची एक पेटी बक्षीस.”

पेट्या पायरीवर येऊन पडल्या. एवढं ओझं गाढवावर जाणार नव्हतं. येसूने पेढीची बैलगाडी मागितली आणि रिवाजाप्रमाणे म्हणाली, “भाडं आठ आने ना? उधार लिवा.”

शेटने झटकन हात पाठीमागे लपवला.

“नको, नको! गाडी फुकट ने, बैल फुकट ने, पण पोरी, आता काही लिहायला लावू नकोस!”